फोडणीला मळीचा वास!

“डॉक्टर, फोडणी टाकली की मळीचा वास येतोय. पोटात ढवळतंय. मला याड लागलंय का हो?”

२०२१ सालच्या आषाढातली गोष्ट. ढोकीच्या माझ्या दवाखान्यात दुपारच्या वेळी तिशी-पस्तिशीची एक बाई खालच्या आवाजात हे विचारत होती. शेजारी तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सायेब, हिला कायतरी बाहेरचं झालंय. घरात कुनालाच वास येत न्हाई, हिलाच येतोय.”

ज्या वाचकांना ढोकी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातले हे गाव तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखले गेले. गळिताच्या दिवसांत हवेत दाटून राहणारा मळीचा वास इथल्या माणसाला ओळखायला शिकवावा लागत नाही. त्यामुळे बाईंना नेमके काय जाणवते आहे हे मला लगेच समजायला हवे होते. पण त्या दिवशी मला ते समजले नाही, हे आधीच कबूल करतो.

बाई घरी स्वयंपाक करून नोकरीनिमित्त एकट्या राहणाऱ्या मंडळींना डबे पोचवीत असत. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत घरातल्या सगळ्यांना करोना झाला. बाईंना ताप फारसा आला नाही, पण वास मात्र पार गेला. महिन्याभराने तो थोडाथोडा परत येऊ लागला. सगळे ठीक झाले असे वाटत असतानाच जूनच्या अखेरीस हे नवीनच सुरू झाले. कांदा परतला की मळी, लसूण तडतडली की जळके प्लास्टिक आणि दात घासायला घेतले की पेस्टलाही तोच घाण वास!

मी त्यांचे पोट तपासले, रक्तदाब पाहिला, आम्लपित्ताच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, आणि वर म्हणालो, “ताई, मनावर घेऊ नका. होईल हळूहळू.” पाच मिनिटांत पेशंट बाहेर गेला.

मी असे का म्हणालो, त्याचे कारण माझ्या स्वतःच्या नाकात होते. एप्रिलमध्येच मलाही करोना झाला होता आणि माझाही वास गेला होता. त्या काळात एका रात्री मी गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसलो. दूध उतू गेले, बर्नर विझला आणि गॅस तसाच चालू राहिला. मी दोन हातांवर बसलेलो, पण मला पत्ता नाही. आमच्या सौभाग्यवती मागच्या अंगणातून धावत आल्या, बटण बंद केले, दारे-खिडक्या उघडल्या, तेव्हा मला कळले. एवढे होऊनही तीन आठवड्यांत माझा वास परत आला आणि मी ते विसरलो. माझे नाक तीन आठवड्यांत बरे झाले म्हणजे सगळ्यांचे होणार, असा मी हिशेब धरला होता.

महिन्याने, श्रावणात, त्या बाई पुन्हा आल्या. वजन सहा किलोने उतरले होते. डब्यांची गिऱ्हाइके निम्म्यावर आली होती, कारण चव घेता येत नसल्याने कधी मीठ जास्त, तर कधी भाजी लागलेली. घरात उतारे-अंगारे होऊन गेले होते. आपल्याच अंगाला घाण येते की काय, या शंकेने त्या दिवसातून तीनदा अंघोळ करीत आणि शेजारणीला पदर हुंगायला लावीत. माझ्यासमोर बसून त्या एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, तुमीबी मनाचंच म्हनला. आता मी कुनाला सांगू?”

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि ओळखीच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांना फोन केला. सगळे ऐकून ते म्हणाले, “अहो, ती बाई वेडी नाही. तिचं नाक दुरुस्त होतंय!”

नाकाची दुरुस्ती म्हणजे काय, हे आज वाचकांना सांगायचे आहे. कारण हे केवळ करोनाचे दुखणे नाही. साध्या सर्दी-पडशाने, फ्ल्यूच्या तापानेही ते होऊ शकते. मागच्याच पंधरवड्यात सर्दी-तापातून उठलेले दोन पेशंट हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते.

वास कुठे कळतो?

आपण म्हणतो नाकाने वास येतो. पण अख्ख्या नाकाने नव्हे. नाकपुड्यांच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मध्ये येईल अशा जागी, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक नाजूक त्वचा असते. तिला घ्राणपटल म्हणू. या पटलात लाखो घ्राणपेशी असतात. त्यांचे बारीक तंतू चाळणीसारखी भोके असलेल्या एका पातळ हाडातून वर जातात आणि थेट मेंदूला मिळतात. म्हणजे मेंदूचे मज्जातंतू बाहेरच्या हवेला जवळजवळ उघडे असण्याची ही जागा. धूळ, धूर, विषाणू यांचा पहिला मारा तिथेच.

या पेशींवर गंध पकडणारे ग्राहक असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ४०० प्रकारचे ग्राहक आणि वास मात्र हजारो, हे कसे? त्यासाठी भजनातली पेटी डोळ्यांपुढे आणा. पट्ट्या मोजक्याच, पण त्या निरनिराळ्या मेळाने दाबल्या की सुरावटी किती निघतात! लवंगेचा वास म्हणजे काही ठराविक पट्ट्या एकदम वाजणे, परतलेल्या कांद्याचा वास म्हणजे दुसऱ्या काही पट्ट्या. कोणता मेळ कशाचा, हे मेंदू लहानपणापासून पाठ करीत आलेला असतो.

विषाणू काय करतो?

साध्या सर्दीत नाक चोंदते. हवा वरच्या पटलापर्यंत पोचतच नाही, म्हणून वास येत नाही. नाक मोकळे झाले की वासही परततो. ही झाली रोजची गोष्ट.

करोनात मात्र अनेकांचे नाक मोकळे असूनही वास एका दिवसात गेला. २०२० मध्ये झालेल्या संशोधनातून असे दिसले, की हा विषाणू मुख्यतः घ्राणपेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. विषाणूला आत शिरण्यासाठी जे दार लागते ते या आधारपेशींवर असते. आधारपेशी कोलमडल्या की घ्राणपेशींचे काम थांबते. मांडवाचे खांब काढले की वेल खाली यावा तसे. आधारपेशी लवकर भरून येतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. पण ज्यांच्यात सूज जास्त झाली आणि खुद्द घ्राणपेशीही मेल्या, त्यांचे दुखणे लांबले.

हे लक्षण सुरुवातीला कोणी मनावर घेतले नव्हते. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० च्या सुधारित सूचनांत वास आणि चव जाणे ही करोनाची लक्षणे म्हणून घातली. पुण्यात आयसर या संस्थेतील शास्त्रज्ञांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने त्याच वर्षी वास मोजण्याचे एक यंत्र वापरून रुग्ण तपासले. तेव्हा ‘मला काहीच होत नाही’ असे सांगणाऱ्या अनेक बाधितांचीही घ्राणशक्ती कमी झालेली आढळली. म्हणजे आपला वास कमी झाला आहे हे माणसाला स्वतःलाही पुष्कळदा कळत नाही.

अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असा अंदाज निघाला, की करोनात वास गेलेल्या शंभर जणांपैकी सुमारे पाच जणांची तक्रार दीर्घकाळ टिकते. स्त्रियांमध्ये वास परत येण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा काहीसे कमी दिसले. पाच हा आकडा लहान वाटतो. पण किती लोकांना करोना होऊन गेला हे आठवा, म्हणजे गावोगावी अशी किती माणसे गप्प बसली असतील हे कळेल.

मग मळीचा वास कुठून?

घ्राणपेशींचा एक मोठा गुण आहे. मज्जासंस्थेतल्या बहुतेक पेशी एकदा गेल्या की गेल्या. घ्राणपेशी मात्र जन्मभर नव्याने तयार होत राहतात. पटलाच्या तळाशी त्यांचे बियाणे असते. जुन्या मेल्या की नव्या उगवतात, त्यांचे तंतू चाळणीच्या हाडातून वर चढतात आणि मेंदूतली आपली जागा शोधतात.

ही लावणी चालू असताना पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकदम वाजू लागत नाहीत. काही वाजतात, काही मुक्या राहतात आणि काहींच्या तारा बहुधा चुकीच्या जागी जोडल्या जातात. कांदा परतला की जिथे वीस पट्ट्या वाजायच्या तिथे पाचच वाजतात. मेंदूला हा सूर अनोळखी लागतो आणि अनोळखी वास म्हणजे धोका, असे समजून तो ओकारी काढतो. म्हणून फोडणीला मळीचा, अंड्याला कुजका आणि कॉफीला जळका वास येऊ लागतो. साधारणतः आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे नवी लावणी वर येते तेव्हाच हे सुरू होते. त्या बाईंचे वेळापत्रक नेमके असेच होते.

कांदा, लसूण, कॉफी, भाजलेले-तळलेले मांस, अंडी आणि टूथपेस्ट या बाबतीत तक्रारी जगभर सारख्याच आहेत. ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये कॉफीतले घटक वेगवेगळे करून अशा रुग्णांना हुंगायला दिले. तेव्हा भाजताना तयार होणारी काही विशिष्ट संयुगे, त्यांतली कित्येक गंधकयुक्त, हीच घाण वासाची चेतवणारी ठरली. ती अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवतात. तेव्हा वाचकहो, हा वास मनात तयार होत नाही. त्याचे कारण कढईत आहे आणि नाकात आहे. ‘नाकाने कांदे सोलते’ म्हणून अशा सुनेला बोलणाऱ्या सासूबाईंनी हे ध्यानात घ्यावे!

चव गेली, की वास गेला?

पुष्कळ पेशंट सांगतात, “तोंडाची चव गेली.” खरे तर जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि रश्शासारखी मांसल चव एवढेच कळते. बाकीचा खमंगपणा घशामागून नाकात जाणाऱ्या वासाने कळतो. घरीच परीक्षा करा. नाक चिमटीत धरून थोडी बडीशेप चावा. किंचित गोडसर चोथा लागेल. चिमटी सोडा, लगेच बडीशेपेचा स्वाद तोंडभर पसरेल.

दुसरी फसगत मिरचीची. “मला मिरचीचा ठसका लागतो, म्हणजे वास येतो,” असे लोक म्हणतात. नाकाला मिरच्या झोंबतात त्या वासाच्या नव्हे, तर चेहऱ्याच्या वेदना वाहणाऱ्या वेगळ्याच मज्जातंतूमुळे. कापराचा किंवा पुदिन्याच्या मलमाचा थंडावाही त्याच वाटेने कळतो. तेव्हा ठसका लागला म्हणून वास शाबूत आहे असे समजू नये.

चार बाटल्यांचा व्यायाम

आता उपाय. प्रथम स्पष्ट सांगतो, की गेलेला वास हमखास परत आणणारी गोळी किंवा इंजेक्शन आजतागायत नाही. जस्ताच्या गोळ्यांचा खात्रीलायक फायदा सिद्ध झालेला नाही. उलट, नाकात घालायच्या जस्तयुक्त औषधांमुळे वास गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये लोकांना सावध केले होते. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेणे तर जिवाशी खेळ. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने मधुमेही रुग्णांचे काय हाल केले आणि त्यात स्टिरॉइडच्या बेबंद वापराचा किती वाटा होता, हे कोणी विसरू नये.

परंतु एक उपाय आहे. तो स्वस्त, निर्धोक आणि घरचा आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, म्हणजे करोनाच्या दहा-अकरा वर्षे आधी, तो प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास दिवसातून दोन वेळा, बारा आठवडे हुंगायला लावले. हा व्यायाम करणाऱ्यांची घ्राणशक्ती न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. पुढच्या अभ्यासांतून असेही दिसले, की व्यायाम जास्त महिने चालविल्यास आणि मधून वास बदलल्यास फायदा वाढतो.

त्या बाईंना मी हा व्यायाम असा सांगितला:

घट्ट झाकणाच्या चार लहान बाटल्या घ्याव्यात. एकीत ठेचलेल्या लवंगा, दुसरीत लिंबाची किसलेली साल, तिसरीत गुलाबाच्या ताज्या पाकळ्या किंवा कापसावर गुलाबाचे अत्तर, चौथीत कापसावर निलगिरी तेलाचे दोन थेंब. साल आणि पाकळ्या दोन दिवसांआड बदलाव्यात.

सकाळी न्याहारीपूर्वी आणि रात्री निजण्यापूर्वी शांत बसावे. एकेक बाटली नाकाजवळ धरून सुमारे वीस सेकंद लहान लहान श्वासांनी हुंगावे. जोराने ओढू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबून पुढची घ्यावी.

हुंगताना तो वास कसा होता हे आठवावे. लवंग हुंगताना मसालेभाताची पंगत, लिंबू हुंगताना उन्हाळ्यातले सरबत. मेंदूला जुना पाठ पुन्हा गिरवायला लावण्याचे हे काम आहे. म्हणून टीव्ही पाहात केलेला व्यायाम उपयोगाचा नाही.

तीन महिन्यांनी वास बदलावेत. वेलची, ओवा, तुळस, सुंठ, कढीपत्ता, जे घरात असेल ते चालेल. निदान सहा महिने तरी सोडू नये.

यात काही पथ्ये आहेत. निलगिरीचे तेल नाकात घालायचे नाही आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायचे नाही, कारण पोटात गेल्यास ते विषारी असते. दम्याच्या रुग्णांनी त्रास झाल्यास तो वास वगळावा. रॉकेल, पेट्रोल, डांबरगोळ्या असले उग्र पदार्थ हुंगून नाक ‘उघडण्याचा’ प्रयत्न करू नये. तपकीर, मिसरी, बिडी बंद करावी.

पहिल्या दिवशी बाईंना चारही बाटल्यांत काहीच कळले नाही. “रिकाम्याच हायेत ह्या,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “रिकामी वाटली तरी रोज हुंगायची. पेरलेलं दुसऱ्या दिवशी उगवतं का?”

जेवणाचे काय?

वास बिघडलेला माणूस जेवणाला घाबरतो आणि वजन उतरते. अशा वेळी परतलेले, तळलेले, भाजलेले काही महिने बाजूला ठेवावे. गरम पदार्थांचा वास उसळतो, थंड किंवा कोमट पदार्थांचा कमी येतो. दहीभात, ताक-भाकरी, काकडी-टोमॅटोची बिनकांद्याची कोशिंबीर, उकडलेला बटाटा, बिनफोडणीचे वरण, मऊ खिचडी, केळी आणि पपई यांतले बहुतेक पदार्थ सोसतात. दर माणसाला सोसणारे वेगळे, म्हणून एका वहीत चालणारे आणि न चालणारे पदार्थ लिहून ठेवावेत. फोडणीच्या वेळी दुसऱ्या कोणी चुलीजवळ उभे राहावे, खिडकी उघडी ठेवावी.

ज्यांना वास येतच नाही त्यांचा उलटा प्रकार होतो. जेवण सपक लागते म्हणून मीठ, साखर, लोणचे वाढते. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांनी इथे फार जपावे. चमच्याने मोजून मीठ घालावे. स्वाद आणण्यासाठी लिंबू, चिंच, मिरे, कुरकुरीत कच्च्या भाज्या यांची मदत घ्यावी.

नाक हे घरचे पहारेकरी

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त घाण वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी ही सोय निरुपयोगी, हे मी स्वतः अनुभवले आहे. अशा घरात रात्री निजताना शेगडीचे आणि सिलिंडरचे बटण दोघांनी पाहावे. दूध गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. गळतीचा संशय आल्यास दिव्याचे बटण चालू-बंद न करता दारे उघडून बाहेर पडावे. १९०६ हा गॅसगळतीचा देशभराचा तातडीचा क्रमांक पाठ असावा.

शिळे अन्न, नासलेले दूध, खवट तेल यांची परीक्षा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी. शेतकरी बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. फवारणी करताना वास येत नसल्यास औषध अंगावर येते आहे की नाही हे कळत नाही. तोवर फवारणी दुसऱ्याकडे सोपवावी. साठवलेले सोयाबीन गरम होऊन कुबट वास सुटला तरी समजत नाही. थप्पीत हात घालून पाहावे. आपल्या जिल्ह्यात भूमकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. खवा लागायला आला हे भट्टीवरचा माणूस आधी नाकाने ओळखतो. अशा माणसाचा वास गेला तर त्याची रोजी जाते. तेव्हा ‘वासच तर गेलाय, त्यात काय’ असे म्हणताना विचार करावा.

केव्हा तज्ज्ञांकडे जावे?

सर्दी-ताप ओसरून महिना झाला तरी वास परतला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवावे. नाकातील कोंब, सायनसची जुनी सूज अशी बरी करण्याजोगी कारणे त्यात सापडतात. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा दुर्गंधी पू येणे, डोक्याला मार लागून वास जाणे, मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखा स्राव येणे, अधूनमधून अचानक जळका वास येऊन भान हरपणे, यांत वाट पाहू नये. मधुमेही माणसाच्या गालावर सूज, एका बाजूचा चेहरा दुखणे किंवा नाकातून काळसर स्राव दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लहान मुलाच्या एका नाकपुडीला घाण वास येत असेल, तर शेंगदाणा किंवा मणी अडकला नाही ना हे तपासावे. वयस्कर माणसांत विषाणूचा आजार नसताना वास हळूहळू जाणे हे कधी कंपवातासारख्या मज्जाविकाराचे पहिले चिन्ह असते. घाबरून न जाता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

येळवशीचा निरोप

त्या बाईंना मी दुसरे औषध दिले ते त्यांच्या सासूबाईंमार्फत. त्यांना बसवून पेटीचा दाखला दिला आणि म्हणालो, “मावशी, हिला बाहेरचं काही नाही. नाकातल्या पट्ट्या तुटल्यात, त्या नव्यानं बसतायत. तोवर फोडणी तुम्ही टाका.” मावशी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग आधीच सांगायचं न्हाई का सायेब? आमी उगंच पोरीला छळलं.” हे बोलणे त्यांनी सुनेला उद्देशून केले की मला, ते कळले नाही, पण मला लागायचे ते लागले.

दुसऱ्या दिवसापासून मावशी फोडणीला उभ्या राहू लागल्या. डब्यांची चव सावरली. बाईंचे वजन उतरायचे थांबले. दिवाळीच्या सुमारास लवंगेचा वास “लांबून कुनी बोलावतंय असा” येऊ लागला. गुलाब अजून मुकाच होता.

आपल्या भागात येळवस किती मोठा सण, हे सांगायला नको. वेळ अमावस्येला सगळे घर शेतात जाते, कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील यांची पंगत बसते. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या. हातात स्टीलची बरणी होती. “आंबील हाय डॉक्टर. काल मडक्याचं फडकं काढलं आन् आंबिलीला आंबिलीचाच वास आला. मी तिथंच बसले आन् रडले.”

सगळे काही बरे झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. परतलेला कांदा त्यांना पुढेही बरेच दिवस सोसला नाही. कॉफी त्यांनी सोडली ती सोडलीच. पण घाण वासाची धार बोथट झाली, डबे पुन्हा सुरू झाले आणि मुख्य म्हणजे आपण वेडे नाही हे त्यांना कळले. काहींना वर्ष लागते, काहींना त्याहून जास्त, आणि काही थोड्यांचा वास पूर्वीसारखा होत नाही. तरीही वर्ष उलटल्यावरदेखील सुधारणा होत गेलेले रुग्ण आहेत. म्हणून बाटल्या लवकर फेकू नयेत.

आता माझ्याकडे सर्दी-तापाचा पेशंट आला की मी एक प्रश्न न चुकता विचारतो, “वास येतो का? जसा यायचा तसाच येतो का?” पाच मिनिटांच्या तपासणीत त्याला दहा सेकंद लागतात. वाचकहो, तुमच्या घरातही कोणी आजारातून उठल्यावर ताट सारून देत असेल, तर नाक मुरडण्याआधी हा प्रश्न विचारून पाहा. आणि ‘घाण वास येतो’ असे उत्तर आले तर त्यावर विश्वास ठेवा. त्यांच्या नाकाला तो खरोखरच येत असतो.